सुभेदारांच्या खोलीतला वास

दिवाळी झाली आणि दिल्लीत आमच्या सेक्टरात तापाची साथ आली. आधी माझा मुलगा युवराज आडवा झाला, मग सून रिंकू, मग मी. सुभेदार तेवढे सुटले. सुभेदार म्हणजे माझे यजमान, शहाजीराव. चार वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून खाटेवर आहेत. घरात आम्ही तिघं कण्हत होतो आणि हे आपले ठणठणीत. मी म्हटलं, तापालाही कळतं, पलटणीतल्या माणसाच्या वाटेला जायचं नसतं.

पाचव्या दिवशी मी उठले. ताप गेला तो जाताना माझा वास घेऊन गेला.

आधी कळलंच नाही. सर्दी आहे, जाईल, असं धरून चालले. मग एका सकाळी आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग टाकला, आणि पुढे काहीच नाही. भेसळीचा हिंग विकतो म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. डबी उघडून थेट नाकाला लावली, तर पिठाची डबी हुंगावी तसं. लसूण ठेचला, तो हुंगला. मग डेटॉलची बाटली. मग रिंकू ऑफिसला जाताना अंगावर फुसफुस मारते ती महागाची बाटली. सगळं एकच. ओट्यापाशी स्टूल ओढलं आणि बसले.

दात गेले, गुडघे गेले, त्यात नाकाची भर, त्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण आमच्या घरात सुभेदारांची सगळी चाकरी नाकावर चालायची.

त्यांची जीभ जड झालीय. ‘नको’, ‘बास’, ‘सखू’ असे चार-पाच शब्द उरलेत. समजतं सगळं, पण लाज फार. अंथरुणात काही झालं तर हा माणूस तोंड भिंतीकडे करून पडून राहील, हाक मारणार नाही. आणि हाक मारायची वेळ मी कधी येऊच दिली नव्हती. बाहेर भाजी निवडत असले तरी मला कळायचं, बाल्कनीत कपडे वाळत घालत असले तरी कळायचं. हवा जराशी बदलली की हातातलं टाकून उठायचे. गरम पाणी, साबण, जुन्या धोतराचे धडपे, खाली धुतलेलं मेणकापड. दहा मिनिटांत माणूस कोरडा. डॉक्टर म्हणाले, डायपर लावा. मी म्हटलं, तुमच्या बापाला लावा. तोंडावर नाही म्हटलं, जिना उतरताना म्हटलं. चार वर्षांत यांच्या पाठीवर साधा लाल डाग नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, सुभेदारीणबाई, आजाऱ्याचं घर वाटत नाही हो. त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली.

दोन वर्षांपूर्वी युवराजनं जवळच्या मुनिरक्याहून एक माणूस आणून ठेवला होता. मला विश्रांती म्हणून. तिसऱ्या दिवशी बघते तर सुभेदार ओल्यात पडलेले आणि हा महाराज मोबाइलवर क्रिकेट बघत खुर्चीत. त्याला मी चप्पल घालायलासुद्धा वेळ दिला नाही.

त्या संध्याकाळी युवराज म्हणाला, “आई, तू एकटी किती दिवस करणार?”

“माझं नाक शाबूत आहे तोवर.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर तुला काय करायचं ते कर. त्या गुडगावच्या जागेत नेऊन ठेव.”

अशी माणसं ठेवून घेतात, अशी एक जागा त्यानं शोधून ठेवली होती. रंगीत कागद आणला होता तिचा. मोठी बाग आहे म्हणे. खाटेवरच्या माणसाला बाग!

आता स्वतःच्याच तोंडानं घातलेली अट स्वतःच्याच अंगावर आली. मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर सुभेदार माझ्या हातून गेले असते.

एकदा गुपचूप दवाखान्यात जाऊन आले. सांगून गेले ते गुडघ्याचं सांगून. डॉक्टर पोरगेलासाच होता.

“अम्माजी, वायरल के बाद हो जाता है. आ जाएगी वापस.”

“कब?”

“दो हफ्ते, दो महीने. कभी-कभी ज़्यादा.”

“और कभी-कभी बिल्कुल नहीं?”

 तो हातातल्या पेनाकडे बघत म्हणाला, रोज दोन वेळा लवंग, लिंबू, गुलाब असलं काहीतरी डोळे मिटून हुंगा, आणि हुंगताना तो वास आठवा. मी ते इमानानं केलं. बाल्कनीत, वाळत टाकलेल्या चादरीमागे उभी राहून. लवंग नाकाशी धरली की दाढदुखी आठवायची, लिंबू धरलं की उन्हाळ्यातली एसटी लागणं. आठवायचं सगळं, यायचं काही नाही. समोरच्या ब्लॉकमधली पंजाबीण मला हात जोडायची. तिला वाटायचं, म्हातारी पूजा करते.

नाकाच्या जागी मी घड्याळ धरलं. तासा-तासाला जाऊन रजईखाली हात घालून बघायचं. पण पोट काय घड्याळ बघून चालतं? मी नुकती बघून आले, की पाच मिनिटांनी व्हायचं, आणि पुढचा तास ते तसेच. त्यात थंडी पडली. गुडघे वळेनात. तासाचे दीड झाले, कधी दोन. खाटेत काही सापडलं की मी भराभर आवरायचे, आणि मनाशी म्हणायचे, चाललंय. कुणाला कळलं नाही. चाललंय.

सुभेदारांचं खाणं मात्र उतरलं. दीड भाकरी खाणारा माणूस अर्ध्यावर “बास” म्हणू लागला. पाण्याचा पेला ओठाला लावला की दात मिटून घ्यायचे. मी ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं, वर बोलणी दिली. “नखरे करायला तुम्ही काय नवी नवरी आहात? उघडा तोंड!” ते भिंतीकडे बघायचे.

डिसेंबरात रिंकू एकदा दबकत म्हणाली, “आई, बाबांच्या खोलीत जरा वास येतोय का हो?”

माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं, “दिल्लीत वाढलेलं नाक तुझं, गटारापाशी उभी राहून गोलगप्पे खातेस तेव्हा नाही येत वास? माझ्या खोलीत येतो?”  तिनं पुन्हा त्यावर एक अक्षर काढलं नाही. पोर वाईट नाही, सचिवालयात नोकरी करते, पण मी एकदा तोंड सोडलं की समोरचा महिनाभर गप्प होतो. ती माझी जुनी मिजास.

मग युवराजनं सुभेदारांच्या खोलीत प्लगला एक पांढरी डबी लावली. “मच्छरांसाठी आहे, आई.” ऐन थंडीत मच्छर कुठला? पण मी म्हटलं, लावू दे. पोराला बापाची काळजी आहे.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू असतं. इथे आर. के. पुरमात मराठी बायका वीसेक निघतात. कुणाचा नवरा सरकारात, कुणी स्वतःच सरकारात. सगळ्यांत थोरली सवाष्ण मी, त्यामुळे पहिलं हळदीकुंकू माझं, असा इथला रिवाज. यंदा वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, आणि जुन्या दिल्लीतल्या दरिब्यातून हिन्याचं अत्तर मागवलं होतं. थंडीत हिनाच लावावा, ऊब असते त्यात.

सकाळपासून रिंकूच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. सुभेदारांच्या खोलीत पाच उदबत्त्या लावून आली.

“देऊळ आहे का ते? खोकतील ते.” मी तीन विझवल्या.

“आई, यंदा गच्चीवर करूया ना. छान ऊन असतं वर.”

“गच्चीवर? माकडांना वाण देऊ?”

“मग खिडक्या तरी उघडते.”

“बाहेर धुकं बघ जरा. त्यांच्या छातीत कफ झाला तर तू रजा घेणार आहेस?”

 भरलेलं तिळगुळाचं ताट तिनं पुन्हा एकदा पुसलं.

चार वाजता बायका आल्या. आमचं घर ते केवढं! बाहेरची खोली, आणि मधल्या दाराला पडदा. पडद्याच्या आत सुभेदार. युवराजला मी बाजारात पिटाळला होता. सतरंजीवर बायका बसल्या, काळ्या साड्यांची नुसती गर्दी. मी एकेकीला हळदकुंकू लावलं, हाताच्या पालथ्या बाजूला अत्तराचं बोट ओढलं, वर गुलाबपाणी शिंपडलं, वाण दिलं. रिंकू तिळगूळ वाटत होती.

आणि बघते तर काय, बायका हात हुंगतायत. एक हुंगते, खाली घेते, पुन्हा नाकाशी नेते. दुसरी हात नाकाला लावूनच बसलीय. निधी म्हणून एक नवी सून आहे, तिनं तर दुसरा हातसुद्धा पुढे केला. “आजी, याही हाताला लावा ना. किती छान आहे!”

माझी छाती फुगली. म्हटलं, पैसे वसूल झाले. माझ्या नाकाला नसेना का कळत, लोकांच्या नाकाला तर कळतंय. मी अत्तराची कुपी घेऊन दुसरी फेरी काढली. कुणी नको म्हणेना. हात पुढे, बोट ओढलं की लगेच हात नाकाशी.

फिरत फिरत विजयाताईंपाशी आले. या विजयाताई म्हणजे मोठ्या साहेबांच्या मिसेस. त्यांना अत्तराचं वावडं. दरवर्षी करंगळीचं टोक पुढे करतात, “शास्त्रापुरतं हं वहिनी,” आणि माझी पाठ फिरली की रुमालानं पुसून टाकतात. मला माहीत आहे ते. म्हणून मी दरवर्षी मुद्दाम जरा जास्तच ओढते.

यंदा विजयाताई पालथी मूठ नाकावर दाबून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. एक शिंक आली, दुसरी आली, तिसरी आली. पण हात काही काढेनात. शिंकायच्या आणि पुन्हा हात नाकावर.

मी कुपी धरून तशीच उभी राहिले. अत्तरानं जिचा जीव घाबरतो, ती बाई अत्तर नाकाला चिकटवून का बसेल? त्याहून वाईट काहीतरी नाकात शिरत असल्याशिवाय?

मग मी सगळ्यांकडे नीट पाहिलं. पडद्याजवळच्या जागा रिकाम्या होत्या. बायका दाराच्या बाजूला एकीला एक खेटून बसल्या होत्या. कुणी गप्पा मारत नव्हतं. नाव घ्या, असं कुणी कुणाला म्हणालं नव्हतं. दरवर्षी सात वाजले तरी हाकलून लावावं लागतं, या वर्षी पाचाला सगळ्यांना घरची कामं आठवली.

विजयाताई दारात थांबल्या. माझा हात हातात घेतला. “वहिनी, काही लागलं तर सांगा हं. होतं असं वयोमानानं.”

“काय होतं?”

“काही नाही हो,” त्या म्हणाल्या, शिंकल्या आणि गेल्या.

मी कडी लावली. रिंकू सतरंजी गोळा करत होती.

“रिंकू, वास येतोय?”

ती सतरंजीच्या घड्या घालत राहिली.

“तोंड आहे ना तुला? येतोय का?”

“येतोय, आई.”

“कधीपासून?”

“दिवाळीनंतर.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं.” तिनं सतरंजी खाली ठेवली. “तुम्ही गोलगप्प्यांचं बोललात.”

मला खाली बसावंसं वाटलं, पण खाली बसले की उठता येत नाही. भिंतीला टेकले. म्हटलं, “मला येत नाही. वास. तापानंतर मला कशाचाच वास येत नाही.”

“म्हणजे खीर करपली त्या दिवशी...”

“हो.”

“आणि ते आंबलेलं दूध...”

“हो गं बाई, यादी नको वाचूस.”

“अहो आई!” तिचे डोळे भरले. “आम्हाला वाटलं, तुम्ही दमलात. दमलात आणि कबूल करत नाही. युवराज म्हणाला, आईला काही बोलू नकोस, चार वर्षं केलं तिनं, आता नाही होत तिच्यानं.”

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. म्हणजे दोन महिने घरात सगळ्यांना वास येत होता आणि सगळे समजत होते की तो मलाही येतोय. येतोय, आणि मी बसून राहिलेय.

आणि पडद्याआड एक माणूस होता, त्याचं नाक तर चांगलं धडधाकट होतं.

मी आत गेले. सुभेदार भिंतीकडे तोंड करून होते. बाहेर वीस बायका होत्या, तो सगळा वेळ ते तसेच पडून असणार. रजई काढली. जे दिसलं ते लिहीत नाही. दुपारचं होतं. रिंकूला मी या कामाला कधी आत येऊ दिलं नव्हतं. सासऱ्याचं अंग सुनेनं बघू नये. ती पडद्याबाहेर उभी राहून बादल्या देत राहिली, धडपे देत राहिली. कूस वळवली तेव्हा दिसलं. माकडहाडाच्या वर रुपयाएवढा लाल डाग, आणि मधली साल गेलेली.

चार वर्षांत पहिला. काल संध्याकाळी खोलीत दिवा न लावताच मी भराभर पुसून काढलं होतं. कदाचित कालही असेल.

सगळं आवरलं, कोरडं केलं, आणि खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, “अहो, इकडे बघा. मला वास येत नाही. दिवाळीनंतर ताप आला, तेव्हापासून नाही. मला कळायचंच नाही तुमचं. कळलं असतं तर बसून राहिले असते का मी?”

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे असं बघितलं, जसा काही एखादा जवान आजी मेली म्हणून तिसऱ्यांदा रजा मागतोय. म्हणाले, “नको.”

शेहेचाळीस वर्षांचा संसार आहे. त्यांच्या ‘नको’चे मला वीस अर्थ येतात. हा होता: सारवासारव नको.

तेव्हा मला अर्धी भाकरी कळली. मिटलेले दात कळले. खाल्लं नाही तर होणार नाही, प्यायले नाही तर होणार नाही. हा माणूस दोन महिने मला त्रास नको म्हणून उपाशी राहत होता. त्याला वाटत होतं, बायकोला वास येतो, आणि आता किळस येते, म्हणून ती येत नाही. आणि मी त्याला ओवा चारत होते, नवी नवरी म्हणत होते!

“खोटं नाही हो,” मी म्हटलं. “युवराजची शपथ.”

ते पुन्हा भिंतीकडे वळले.

मला संताप आला. त्यांचा, माझा, त्या मेल्या तापाचा. खाली बादलीत ते धडपे पडले होते, अजून धुवायचे. मी त्यातला एक उचलला, त्यांच्यासमोर धरला, आणि आपल्या नाकाला लावला. चांगला ओठावर टेकवून. आणि मोठा श्वास घेतला. एक घेतला, दुसरा घेतला. भुवईसुद्धा हलली नाही माझी, कशी हलेल? धुतलेलं पातळ हुंगल्यासारखंच होतं ते मला. तिसरा श्वास घेणार, तोच त्यांच्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं. काय जोर त्या हातात! खाली ओढलं त्यांनी ते. बांगडी वाकली माझी.

“सखू,” म्हणाले. “नको. सखू.”

या ‘नको’चा अर्थ वेगळा होता. त्यांचा चेहरा ओला झाला होता, आणि तोंडाची एकच बाजू रडत होती, दुसरीला येत नाही. मी धडपा बादलीत टाकला. हात धुवून आले. मग पुन्हा खाटेच्या कडेला बसले. 

युवराज सातला आला. रिंकूनं त्याला जिन्यातच सांगितलं असावं. आत आला तो पिशव्या धरून उभाच.

“बोल,” मी म्हटलं. “माझं नाक गेलं. शब्द माझाच होता. काढ तो बागेचा कागद.”

“कुठला कागद, आई? त्यावर तू कधीच वांगी चिरलीस.” तो खाली बसला. “बाबा कुठेही जात नाहीत. पण जखम झालीय, रोज सकाळी नर्स येऊन ड्रेसिंग करेल. तिला तू हाकलायचं नाही.”

“बाई आहे ना?”

“बाई आहे.”

“मोबाइल बघत बसली तर हाकलीन.”

“ड्रेसिंग झाल्यावर बघू दे की.”

मी तेवढं सोडून दिलं. रिंकूला म्हटलं, ऑफिसला जाताना आणि आल्यावर दोन वेळा दारातून नाक घालायचं, आणि जे असेल ते तोंडावर सांगायचं. मी चिडले तरी सांगायचं. ती म्हणाली, “तुम्ही चिडणारच.” मी म्हटलं, “चिडणारच. तरी सांगायचं.”

जेवताना युवराज हळूच म्हणाला, “आई, ती डबी मच्छरांची नव्हती. मोगऱ्याच्या वासाची होती.”

“चांगला होता का वास?”

“नाही.”

राहिला मधला दिवस. नऊला दोघं जातात, सहाला येतात. तेवढ्या वेळात घरात मी आणि ते. त्यावर तोड एकच होती आणि ती मला यांच्या गळी उतरवायची होती. दुसऱ्या दिवशी मी स्टीलचा चमचा सुतळीनं खाटेच्या लोखंडी दांडीला बांधला, डाव्या हाताशी.

“झालं की वाजवायचं. होणार असं वाटलं तरी वाजवायचं.”

त्यांनी डोळे मिटून घेतले.

“डोळे मिटून काय होतंय? आजवर मी तुम्हाला मागायला लावलं नाही. आता माझ्या हातात नाही ते. मला कळत नाही, तुम्हाला सांगावं लागेल.”

तीन दिवस चमचा वाजला नाही. मी पाऊण-पाऊण तासाला घड्याळ लावून जात होते, तरी दोनदा उशीर झालाच. दुसऱ्यांदा मी चांगलीच बोलले. “पलटणीत असताना वायरलेसवरून मदत मागवत होता ना? तेव्हा नाही लाज वाटली? का वरच्या साहेबानं आपसूक ओळखावं म्हणून बसून राहत होता?” ते हसले नाहीत, पण त्या दुपारी अख्खी भाकरी खाल्ली. पाण्याला मात्र अजून दात मिटतात. मी जबरदस्ती केली नाही. करायला अंगात त्राणही नव्हतं. नर्स म्हणते जखम सुकायला महिना लागेल. नाक अजून आलेलं नाही. लवंग रोज हुंगते. आता बाल्कनीत लपून नाही, त्यांच्या खोलीतच बसून हुंगते.

चौथ्या दिवशी ऊन पडलं होतं. मी बाल्कनीत मटार सोलायला बसले आणि सोलता सोलता डोळा लागला. कुठेतरी टणटण झालं. मला वाटलं, खाली कबाडीवाला आला. पुन्हा झालं, या वेळी जोरात, लागोपाठ. मी धडपडून उठले. मांडीवरचे मटार सगळे सांडले, गुडघ्यातून कळ गेली, दाराला धरून आत आले.

सुभेदारांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. दाराकडे होतं. कपाळाला आठ्या, मुठीत चमचा, सुतळी ताणून तुटायला आलेली. मला बघून ते आणखी एकदा वाजवायला निघाले.

“आले ना आता!” मी म्हटलं.

जीभ वळेना, पण वळवली त्यांनी. “उशीर,” म्हणाले. चार वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता.

“गुडघे माझे आहेत, तुमच्या पलटणीचे नाहीत,” मी म्हटलं, आणि गीझरचं बटण दाबायला गेले.